पहिली गाठ मोजायची नसते

"तुझा तो चुनावाला गेला गा."

गांधीबागेतल्या कापडाच्या दुकानात बंडूभाऊंनी मला हे सांगितलं आणि लगेच शेजारच्या गिऱ्हाइकाकडे वळून "हां ताई, पॉपलीन दाखवू का टेरिकॉट?" असं विचारलं. मी मुलीच्या गणवेशाचं कापड घ्यायला गेलो होतो. कोण चुनावाला, हे मला विचारावं लागलं नाही. गेल्या अठरा-वीस वर्षांत आम्ही दोघांनी त्या माणसाचं नाव एकमेकांसमोर काढलं नव्हतं. "कधी?" एवढंच मी विचारलं. "झाले पंधरा-वीस दिवस. मलेही परवाच समजलं. टीममधला अशोक सांगून राहिला होता." मग लोखंडी गजावर सराईतपणे कापड मोजता मोजता, माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "आदमी बुरा नव्हता..." मी कापडाची पिशवी सायकलच्या हँडलला अडकवली आणि सायकल हातात धरून घरापर्यंत चालत आलो. बसावंसं वाटलं नाही.

श्रावण मेश्राम यांच्या जाण्याची बातमी कुठल्या वर्तमानपत्रात आली नाही. यावी असं काही त्यांनी केलेलंही नव्हतं, निदान कागदोपत्री. कागदोपत्री त्यांच्या नावावर एकच गोष्ट आहे. आमच्या क्लबचे ते एका मोसमापुरते बास्केटबॉलचे कोच होते आणि संघाचा सराव नीट न घेतल्यामुळे त्यांना काढण्यात आलं. क्लबच्या इतिवृत्ताच्या वहीत तसं लिहिलेलं आहे. ते अक्षर माझं आहे. म्हणून हा लेख.

मी नागपूरला आलो तो साठच्या दशकाच्या मध्यावर, एक पत्र्याची पेटी आणि मॅट्रिकचं प्रमाणपत्र घेऊन. वडील आमच्या गावच्या जिनिंगमध्ये कापसाच्या गासड्या बांधत. घराण्यात कॉलेजचं तोंड पाहणारा मी पहिला. सक्करदऱ्याला एका घराच्या मागच्या बाजूची खोली मिळाली होती. वर्गात प्राध्यापक इंग्रजीत बोलू लागले की मी मान खाली घालून पेनचं टोपण उघडायचो आणि लावायचो. संध्याकाळी खोलीत बसवत नसे म्हणून तळ्याकडे फिरायला जाऊ लागलो आणि तिथल्या मैदानावर अडकलो. मुरूम टाकून, रोलर फिरवून केलेलं कोर्ट होतं, दोन लोखंडी खांब, लाकडी बोर्ड. एका अंगाला शाळेच्या इमारतीच्या लांबलचक दगडी पायऱ्या. त्या पायऱ्यांवर बसून रोजचा सरावसुद्धा मॅचसारखा पाहणारे तीस-चाळीस लोक होते. त्यांना सगळे 'पायरी' म्हणत. खेळाडू बदलत, पायरी बदलत नसे. पायरीला नियम थोडे माहीत होते आणि मतं फार होती. बंडूभाऊ पायरीचे म्होरके. दुकान बंद झालं नसलं तरी सहा वाजता ते तिथे असत. ज्या गावात मला कोणी ओळखत नव्हतं तिथे पायरीनं मला सरकून जागा दिली, हे मी विसरलेलो नाही. बी.ए.ला होतो म्हणून ते मला 'बी.ए.' म्हणत. पहिल्यांदा कोणी तशी हाक मारली तेव्हा मला किती बरं वाटलं होतं...

मॅचच्या दिवशी पायरी भरायच्या आधी एक माणूस कोर्टावर वाकून काम करत असे. खाकी अर्धी चड्डी, अंगात बंडी, एका हातात बुडाला भोकं पाडलेला चुन्याचा डबा. ते श्रावणकाका. नोकरी बांधकाम खात्यात. जमीन मोजणाऱ्या साहेबांबरोबर साखळीचं टोक धरून चालायचं, हे त्यांचं काम. त्याआधी तरुणपणी ते एका पाद्रीसाहेबांच्या शाळेत मैदानावर रोलर ओढत आणि तिथेच त्यांनी हा खेळ पाहिला. पाहिला म्हणजे कसा, तर रेषेच्या उंचीवरून. कोणाचा पाय कुठे पडतो, कोण कोणत्या पायावर वळतो, हे त्यांना तोंडपाठ. त्यांच्याजवळ मेण चोळलेला एक सुती दोर होता. दर फुटावर एक गाठ. बोर्डाच्या तोंडाशी ओळंबा सोडायचा, तो जमिनीला जिथे टेकेल तिथे दोराचं टोक धरायचं आणि तिथून पंधरा फुटांवर फ्री थ्रोची, म्हणजे फाउल मिळाल्यावर कोणी आड न येता बॉल टाकायची रेषा. रेषा मारायला टेप का वापरत नाही, असं मी विचारलं तर म्हणाले, "टेप डोळ्यानं वाचावा लागते. दोर बोटाले समजते." दोराचं ओळंब्याकडचं टोक धरायला कोणीतरी लागे. दोनेक महिन्यांत ते काम माझं झालं. मी टोक धरून उभा राहायचो, काका बोटांनी गाठी चाचपत मागे मागे जायचे आणि एका जागी थांबून म्हणायचे, "हं." तिथे रेषा.

एक दिवस त्यांनी पिशवीतून एक जुनं पुस्तक काढलं. पाद्रीसाहेब मायदेशी जाताना देऊन गेले होते, बास्केटबॉलच्या नियमांचं, इंग्रजीतलं. "बाबू, तू कॉलेजात हाय ना? वाच बरं." मी घाम पुसत एक वाक्य वाचलं. 'शॅल'पाशी अडलो. "म्हणजे खेळाडू असं करेल," मी म्हटलं. काका म्हणाले, "करेल का केलंच पाहिजे? फरक हाय ना गा दोघांत." मी म्हटलं, मला माहीत नाही. ते म्हणाले, "मंग उद्या विचारून ये. मी कुठी चाललो?" दुसऱ्या दिवशी मी आयुष्यात पहिल्यांदा इंग्रजीच्या प्राध्यापकांना प्रश्न विचारला. अशी रोज दोन-चार वाक्यं, दीड वर्षं आम्ही ती नियमावली वाचली. त्यांच्यासमोर 'माहीत नाही' म्हणायची मला लाज वाटत नसे. मी बी.ए.ला इंग्रजीत पास झालो आणि आज शाळेत इंग्रजी शिकवतो, ते त्या पुस्तकामुळे. हे मी कुठल्याही निरोप समारंभात कधी बोललेलो नाही.

वाचन मैदानामागच्या वस्तीत, त्यांच्या घरी चाले. काकू ज्वारीची भाकर आणि जवसाची चटणी समोर ठेवत. पहिल्या दिवशी ताट ठेवून त्या क्षणभर तिथेच उभ्या राहिल्या. मी खातो की नाही, हे बघायला. दीक्षा घेतलेलं घर होतं ते आणि मी कुठल्या घरातला आहे हे त्यांना आडनावावरून समजलेलं होतं. मी खाल्लं. पुढे शेकडो वेळा खाल्लं. पण एकदा पायरीवर बंडूभाऊंनी विचारलं, "काय गा बी.ए., तू त्या श्रावणकडे जेवतो म्हणे?" तर मी म्हणालो, "नाही गा, पुस्तक वाचून दाखवतो फक्त." त्या वेळी माझ्या बोटांना चटणीचा वास येत होता.

माझा निकाल लागला त्याच वर्षी आमचे जुने कोच बदली होऊन जबलपूरला गेले. पांढरी पँट, गळ्यात शिट्टी, एका कॉलेजात खेळाचे शिक्षक. मोठी स्पर्धा तोंडावर होती. नवा कोच कोण, यावर पायरीवर महिनाभर चर्चा चालली. कोणी म्हणे मिलिटरीतला माणूस येणार, कोणी म्हणे पंजाबातून शिकून आलेला. एका संध्याकाळी क्लबचे सेक्रेटरी, ज्यांना आम्ही वकीलसाहेब म्हणायचो, मधल्या वर्तुळात येऊन उभे राहिले आणि म्हणाले, खेळाडूंनी एकमतानं मागणी केल्यावरून यंदा संघाची जबाबदारी श्रावणजींकडे देत आहोत. 

"कोण श्रावणजी?" पायरीवरून बंडूभाऊ.

"आपले श्रावण मेश्राम."

काका तेव्हा पलीकडच्या टोकाला चुन्याचा डबा घेऊन वाकलेले होते. पायरीनं एकदम त्यांच्याकडे पाहिलं. मग कोणीतरी खुदकन हसलं आणि ते हसू वरच्या पायरीपासून खालच्या पायरीपर्यंत उतरत आलं. "बाप्पा! मंग चुना कोण टाकणार? जुना कोच येणार काय जबलपूरहून?" "अबे, टीमलेच चुना लागला म्हणा ना!" "श्रावण, शिट्टी हाय का गा, का तोंडानंच वाजवशीन?" काका उभे राहिले, हात चड्डीला पुसले आणि पायरीकडे बघून हसले. त्यांना वाटलं लोकांना आनंद झाला आहे. खरंच, आधी त्यांना तसंच वाटलं होतं... मी पायरीवरच होतो. मीही हसलो. सगळे हसत होते.

पुढचे काही दिवस पायरी कारणं शोधत होती. ते कुठल्या कॉलेजकडून खेळलेले नाहीत. त्यांना इंग्रजी येत नाही. फुल पँट नाही. आमच्याकडे मोसमाच्या पहिल्या दिवशी कोचनं मधल्या वर्तुळात नारळ फोडायचा रिवाज होता. काकांनी तो फोडला नाही. बंडूभाऊंच्या हातात नारळ देऊन ते म्हणाले, "माझ्याच्यानं हे होत नाही बंडू. तू फोड. खोबरं मी खाईन." त्यांनी खाल्लंही. पण पायरीला आता एक भक्कम कारण मिळालं. एवढं सगळं बोललं गेलं, पण ज्या कारणानं पहिल्या दिवशी हसू फुटलं होतं, तो एक शब्द पायरीवर कोणीही, एकदाही उच्चारला नाही. त्याची गरजच नव्हती.

काका मात्र कामाला लागले होते. आमची पोरं ठेंगणी. त्यांना ते म्हणाले, "उंच माणसाशी उडी मारून जिंकता येत नाही. त्याच्या अंगावरून आत घुसा, फाउल घ्या, अन् लाईनवर जाऊन उभे राहा. लाईनवर कोणीच उंच नसते." मग सगळा सराव फ्री थ्रोचा. रोज प्रत्येकानं शंभर, त्यातले शेवटचे वीस डोळे मिटून. पायरीवर लोक पोट धरून हसायचे. "आंधळी कोशिंबीर चालू हाय!" पण आमचा सगळ्यात चांगला खेळाडू अशोक, त्यानं एका संध्याकाळी डोळे मिटून ओळीनं अकरा वेळा बॉल रिंगमध्ये टाकला आणि त्या दिवशी पायरी गप्प बसली. त्या पोरांच्या हाताला पंधरा फूट पाठ झाले होते. स्पर्धेत आम्ही एकामागून एक मॅच जिंकत गेलो. पायरी जिंकल्याच्या आनंदात ओरडे आणि घरी जाताना म्हणे, नशीब जोरावर आहे चुनावाल्याचं.

अंतिम सामना आमच्याच मैदानावर होता. बाहेरगावचा ताडमाड उंच संघ. दुपारी काका नेहमीप्रमाणे डबा घेऊन निघाले, तर बंडूभाऊ आडवे आले. "कोचसाहेब, आज मोठे लोक येऊन राहिले. तुमी हात पांढरे नका करू. चांगलं दिसत नाही. लाईन मी न् बी.ए. टाकतो." आदर दाखवत केलेला तो टोमणा होता. काकांना कळला असावा. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तू हाय ना?" मी म्हटलं, आहे. त्यांनी दोर माझ्या हातात दिला आणि पोरांकडे गेले.

ओळंबा सोडला. मी नेहमीच्या जागी, दोराचं टोक धरून उभा राहिलो. टोकालाच पहिली गाठ होती, ती माझ्या चिमटीत. बंडूभाऊ गाठी मोजत मागे निघाले आणि दोन पावलांवर थांबले. "ही तुझ्या हातातली धरून का सोडून?" दिवसभर कापड मोजणारा माणूस तो, प्रश्न बरोबर विचारला होता. आणि मला उत्तर माहीत नव्हतं. दोन वर्षं मी ते टोक धरून उभा होतो, पण मोजायचे काका. मी कधी मोजलं नव्हतं. वीस पावलांवर काका उभे होते. हाक मारली असती तर आले असते. पण पायरीवर लोक येऊन बसू लागले होते, मी नुकताच बी.ए. झालेलो होतो आणि बंडूभाऊंसमोर 'माहीत नाही, काकांना विचारतो' म्हणायची मला लाज वाटली. "धरून," मी म्हणालो. पंधराव्या गाठीपाशी त्यांनी चुना टाकला. दुसऱ्या टोकालाही तसंच केलं.

मॅच सुरू झाली. काकांनी शिकवल्याप्रमाणे पोरं आत घुसत होती, फाउल मिळत होते. पण लाईनवर उभं राहून टाकलेला बॉल रिंगच्या मागच्या कडेवर आदळून परत येत होता. एकदा, दोनदा, पाचदा... अशोकचेसुद्धा. समोरचा संघ उंच. ते रिंगखालूनच बॉल टाकत, लाईनवर त्यांना फारसं जावंच लागत नव्हतं. पायरी उकळायला लागली. "डोळे मिटून टाका बे, डोळे मिटून!" इंटरव्हलला काका बुटाची नाडी बांधायला वाकल्यासारखे बोर्डाखाली गेले आणि तिथून रेषेपर्यंत टाचेला पाऊल लावत सावकाश चालत आले. रेषेपाशी थांबले. मग मान वर करून त्यांनी पायरीवर मला शोधलं. रागानं नव्हे. वर्गात मुलाचं उत्तर चुकलं की मी आता ज्या नजरेनं बघतो, तसं काहीसं.

मी पायरीमागे गेलो, खिशातून दोर काढला आणि मोजला. मोजायची गोष्ट गाठ नव्हती, दोन गाठींमधलं अंतर होतं. पंधरा गाठी म्हणजे चौदा फूट. सोळावी गाठ म्हणजे पंधरा. पहिली गाठ शून्याची. आमच्या रेषा एक फूट पुढे होत्या आणि पंधरा फूट पाठ झालेले हात बॉल फूटभर लांब टाकत होते.

तेव्हा खाली उतरून पंचांना सांगता आलं असतं. दहा पावलं होती.

उत्तरार्धात आमची पोरं लाईनवर गेली की एक पाऊल मागे उभी राहू लागली. काकांनी पंचांकडे तक्रार केली नव्हती. तक्रार केली असती तर रेषा कोणी टाकल्या, हा प्रश्न आलाच असता. त्यांनी पोरांना फक्त मागे सरकायला सांगितलं होतं. बॉल रिंगमधून जाऊ लागला. फरक कमी होत आला. पण पायरीला जे दिसलं ते वेगळं. "अबे, लाईन पुढे हाय, मागं काहून उभे होऊन राहिले?" "कोचले लाईनही दिसत नाही काय? जन्मभर चुना टाकला अन्!" प्रत्येक फ्री थ्रोला अख्खी पायरी ओरडत होती, "पुढे! पुढे! पुढे!" शेवटच्या काही सेकंदांत आम्ही एका गुणानं मागे होतो आणि अशोकला दोन फ्री थ्रो मिळाले. तो एक पाऊल मागे उभा राहिला. पायऱ्यांवर पाय आपटत सगळे ओरडायला लागले. अशोकनं पायरीकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं. काका हातानं 'मागे' खुणावत होते. वीस वर्षांचं पोर ते. आपलेच लोक ओरडतात हे त्याला सहन झालं नाही. तो पाऊल पुढे टाकून रेषेला पाय लावून उभा राहिला. दोन्ही बॉल मागच्या कडेवर आदळले.

मी ओरडत नव्हतो. एवढंच माझ्या बाजूनं सांगता येईल, आणि त्याला काही अर्थ नाही.

तीन दिवसांनी क्लबच्या खोलीत बैठक झाली. माझं अक्षर चांगलं म्हणून इतिवृत्त लिहायला वकीलसाहेबांनी मला बसवलं. काका दाराशी उभे होते. खुर्ची होती, ते बसले नाहीत. बंडूभाऊ पायरीतर्फे बोलले. पोरांना लाईनमागे उभं करणारा कोच जगात कुठे आहे, असं त्यांनी विचारलं. वकीलसाहेब मनानं वाईट नव्हते. ते म्हणाले, "श्रावणजी, तुम्हाला काही सांगायचं आहे?" माझं पेन थांबलं. मी कागदावर बघत होतो, पण ते माझ्याकडे बघतायत हे मला कळत होतं. "नाही साहेब," काका म्हणाले. मग वकीलसाहेबांनी सांगितलं ते मी लिहिलं. 'प्रशिक्षकांनी फ्री थ्रोचा सराव अपुरा घेतल्याने संघाचा पराभव झाला.' सबंध मोसमात ज्या माणसानं फ्री थ्रोशिवाय काही केलं नव्हतं, त्याच्याबद्दल हे वाक्य मी वळणदार अक्षरात, काना-मात्रा सांभाळून लिहिलं. शेवटी वकीलसाहेब म्हणाले, "चुन्याचं काम मात्र तुम्हीच बघा. तुमच्यासारखी रेष कोणाची येत नाही." काका म्हणाले, "आता हे पोट्टे टाकतात साहेब. चांगली टाकतात."

मी त्यांच्या मागे बाहेर गेलो. दोर माझ्या खिशातच होता, तो पुढे केला. त्यांनी घेतला नाही. माझी मूठ बंद करून म्हणाले, "तुझ्याजवळच राहू दे. पहिली गाठ मोजायची नसते, बाबू. ते तुले सांगायचं माझ्याकडूनच राहून गेलं." थोडं चालल्यावर मागे वळून आणखी एक वाक्य बोलले. तेच आजवर माझ्यात रुतलेलं आहे. "तू होता म्हणून मी पाहिलं नाही."

त्यानंतर ते मैदानावर आले नाहीत. मी तालुक्याच्या एका शाळेत लागलो, मग बऱ्याच वर्षांनी नागपूरला बदलून आलो. दोनदा रस्त्यात भेट झाली. दोन्ही वेळा त्यांनी एकच विचारलं, "इंग्रजी शिकवून राहिला ना?" दोन्ही वेळा मी घाईत असल्याचं सांगितलं. घरी जायचं मी टाळलं. गेलो असतो तर काकूंनी भाकर वाढली असती, आणि ती मला खाता आली नसती.

बातमी कळल्यावर तिसऱ्या दिवशी गेलो. वस्तीतली बरीच घरं आता पक्की झाली आहेत. त्यांचं तसंच आहे. भिंतीवर बाबासाहेबांच्या आणि बुद्धाच्या तसबिरीशेजारी काकांचा छोटा फोटो, ओळखपत्रावरचा असावा. काकू खूप वाकल्या आहेत. मला ओळखायला त्यांना वेळ लागला. "इंग्रजीवाले ना तुमी? लई दिवस झाले गा..." अंगणात एका बांबूला लोखंडी कडं ठोकून बसवलेलं होतं, पाठीमागे खोक्याच्या फळीचा बोर्ड. आणि त्याच्यापासून काही अंतरावर जमिनीत आडव्या विटांची एक ओळ पुरलेली. चुना नाही. पुसला जाऊ नये अशी रेषा. "वस्तीतल्या पोट्ट्यायले शिकवत होते," काकू म्हणाल्या. "दवाखान्यात नेलं त्या दिवसापर्यंत."

मग मी काकूंना सगळं सांगितलं. दोर, गाठी, 'धरून', इतिवृत्तातलं वाक्य. मला वाटलं होतं त्यांना माहीत असेल. त्यांना काहीच माहीत नव्हतं. "मले तं बोलले का मॅच हारली अन् काम गेलं." काकांनी घरीसुद्धा माझं नाव घेतलं नव्हतं. वीस वर्षं मी ज्याला घाबरून या घरी आलो नाही, ते या घरात कोणाला ठाऊकच नव्हतं. मग काकूंनी रागावून नव्हे, साधं विचारल्यासारखं म्हटलं, "मंग तवाच सांगायचं होतं ना गा."

क्लबची ती वही आता कुठे आहे कोणाला माहीत नाही. म्हणून इथे लिहितो. त्या वर्षी फ्री थ्रोचा सराव अपुरा नव्हता. रेषा चुकीची होती आणि ती मी सांगितल्यावरून टाकली गेली.

दोर मी बरोबर नेला होता, परत देण्यासाठी. मेण वाळून तो काळा पडला आहे, पण गाठी घट्ट आहेत. काकू म्हणाल्या, "पाहा बरं मोजून, त्यायची लाईन बरोबर हाय का." मी त्यांच्या हातात टोक दिलं. बोर्डाखाली, ओळंब्याच्या जागी त्या वाकून उभ्या राहिल्या, पहिली गाठ चिमटीत धरून. मी मागे मागे गेलो. ती एक सोडून बोटांनी मोजत... बारा, तेरा, चौदा, पंधरा. पंधराव्या गाठीला माझी टाच विटेला लागली.

"हाय का बरोबर?" काकूंनी तिकडून विचारलं.

"बरोबर आहे काकू."

"मंग सोडू का आता?"

मी हो म्हणालो, तरी माझ्याकडचं टोक माझ्या हातून लवकर सुटलं नाही.